घरच्या नव्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी

नवा संगणक घ्यायचा ठरला की प्रोसेसर, रॅम आणि पडद्याचा आकार यांवर घरात आठवडाभर चर्चा होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्णय मात्र दुकानाच्या काउंटरवर, "विंडोज टाकून देऊ ना?" या प्रश्नाला मान डोलावून अर्ध्या मिनिटात होतो. संगणकावर कोणते काम होईल, कोणता प्रिंटर चालेल आणि सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळतील हे पुष्कळ अंशी याच निर्णयावर ठरते. स्वतःचा, नातेवाइकांचा आणि सोसायटीतल्या काही शेजाऱ्यांचा संगणक लावून देताना जो क्रम मला उपयोगी पडला, तो येथे मांडत आहे. सिस्टिमची तुलना या क्रमात तिसऱ्या पायरीवर येते, कारण बहुतेक घरांचे उत्तर पहिल्या दोन पायऱ्यांतच मिळून जाते.

१. आधी कामांची यादी लिहून काढा

कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि त्यापुढे तो संगणकावर काय करणार हे लिहा. "इंटरनेट, अभ्यास, ऑफिसचे काम" अशी ढोबळ नोंद निरुपयोगी ठरते; नेमका प्रोग्राम आणि नेमके संकेतस्थळ लिहा. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा: हे काम ब्राउझरमध्ये होते, की त्यासाठी वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो? बँकेचे व्यवहार, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, स्पर्धा परीक्षांचे अर्ज, व्हिडिओ पाहणे आणि ईमेल ही कामे ब्राउझरमध्ये होतात आणि ती कोणत्याही सिस्टिमवर सारखीच चालतात. त्यामुळे या कामांचा निवडीवर काहीही परिणाम होऊ देऊ नका.

निर्णय ठरतो तो उरलेल्या दोन-चार कामांवर. आमच्या परिचयातील घरांत वारंवार आढळलेली अशी कामे पुढीलप्रमाणे आहेत.

हिशेबाचे काम घरून होत असेल, तर टॅली प्राइम हा प्रोग्राम विंडोजसाठीच आहे. जीएसटी विवरणपत्रांचे ऑफलाइन साधनही विंडोजसाठीच बनवलेले आहे. प्राप्तिकर विभागाची एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर चालते आणि लिब्रेऑफिस या एक्सेलच्या विनामूल्य पर्यायात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मात्र केवळ पगार आणि व्याज असलेल्या माणसाने या शेवटच्या मुद्द्याची चिंता करू नये. त्याचे विवरणपत्र थेट पोर्टलवर भरता येते आणि आधारच्या ओटीपीने पडताळता येते.

अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असेल, तर ऑटोकॅड विंडोज आणि मॅक या दोन्हींवर मिळते, लिनक्स या विनामूल्य सिस्टिमवर मिळत नाही. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या उलट असते, कारण पायथन, सी आणि जावा शिकण्यासाठी लागणारे सर्व काही लिनक्सवर अधिक सहजपणे बसते. ऑनलाइन परीक्षेसाठी महाविद्यालय एखादा बंदिस्त ब्राउझर बसवायला सांगत असेल, तर तो कोणत्या सिस्टिमवर चालतो हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

खेळांचा प्रश्न मुलांनाच विचारा. त्यांना तो पालकांपेक्षा नेमका ठाऊक असतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातील पुष्कळ खेळ आता लिनक्सवर चालतात, पण व्हॅलोरंटसारखे खेळ त्यांच्या फसवणूकविरोधी प्रणालीमुळे लिनक्सवर किंवा मॅकवर चालत नाहीत.

यादीत असे एकही अटळ काम निघाले, तर ती सिस्टिम ठरली असे समजा आणि थेट चौथ्या पायरीवर जा. यादीत एकही निघाले नाही, तर तुम्ही खरोखर मोकळे आहात. अशी घरे मला वाटली होती त्यापेक्षा बरीच जास्त आढळली.

२. घरातली जुनी उपकरणे तपासा

ही पायरी जवळपास सर्वजण विसरतात. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांची नेमकी मॉडेल क्रमांकांसह यादी करा आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) नव्या सिस्टिमसाठी उपलब्ध आहे का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहा.

लेझर प्रिंटरच्या बाबतीत विशेष सावध राहा. एचपीचा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण त्यासाठी एचपीचे जोड-सॉफ्टवेअर वेगळे उतरवून घ्यावे लागते. आपल्याकडे घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर बसवणे हे नवख्या माणसाचे काम नाही. याउलट वाय-फायवर चालणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर आणि मॅकवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे काही उत्पादक लिनक्स आणि मॅकसाठीही ड्रायव्हर देतात, तथापि पोर्टलवर प्रत्यक्ष स्वाक्षरी करणारा मदतनीस प्रोग्राम बहुधा विंडोज गृहीत धरूनच लिहिलेला असतो. कंपनीची कागदपत्रे किंवा निविदा घरून भरणाऱ्याने विंडोजच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातूनच सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही हेच लागू होते.

३. पर्यायांची तुलना करा

विंडोज ११ हा सर्वांत कमी अडथळ्यांचा मार्ग आहे. सॉफ्टवेअर मिळते, दुरुस्ती करणारा गल्लीत सापडतो आणि ऑफिसमधल्या फाइली जशाच्या तशा उघडतात. त्याची किंमत परवान्याच्या रूपाने आणि थोडी त्रासाच्याही रूपाने मोजावी लागते: होम आवृत्ती सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, जाहिरातवजा सूचना येत राहतात आणि अद्यतने मोठी असतात. होम आवृत्तीच्या दरवर्षीच्या प्रकाशनाला २४ महिने आधार (म्हणजे सुरक्षेची अद्यतने) मिळतो, त्यामुळे अद्यतने कायमची बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे.

लिनक्समध्ये नवख्याने शेकडो वितरणांच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांच्या) जंगलात शिरू नये. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, या दोहोंतच निवड करावी. मिंटची मांडणी विंडोजवरून येणाऱ्याला ओळखीची वाटते. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिचा आधार २०२९ पर्यंत आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेले बॉस लिनक्स हेही उपलब्ध आहे, परंतु अडचण आल्यावर उत्तर शोधायचे तर मिंट आणि उबुंटू वापरणाऱ्यांची संख्या मोठी असल्याचा फायदा होतो.

मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर मिळते, म्हणून तेथे निवड यंत्राची असते. जुना मॅकबुक स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांना एकच इशारा: २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६ ही इंटेल प्रोसेसरच्या यंत्रांना चालणारी शेवटची आवृत्ती आहे. ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या प्रोसेसरच्या यंत्रांवर विंडोज थेट बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर मॅक स्वतःहून लिहू शकत नाही. अशी डिस्क एक्सफॅट या दोन्हींकडे चालणाऱ्या पद्धतीत करून घ्यावी लागते.

क्रोमबुक हे ब्राउझरपुरतेच काम असलेल्या ज्येष्ठांसाठी चांगले आहे. त्याची दहा वर्षांची अद्यतने मात्र तुम्ही खरेदी केलेल्या दिवसापासून मोजली जात नाहीत, त्या मॉडेलचा मूळ संच बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात. खरेदीपूर्वी अद्यतनांची अंतिम तारीख पाहून घ्यावी.

४. यंत्र त्या सिस्टिमला पेलते का ते पाहा

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाच सिस्टिम तपासणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, असे अधिकृत निकष सांगतात. यातील रॅमचा आकडा व्यवहारात निरर्थक आहे. ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, जमल्यास १६ जीबी घ्या आणि साठवण एसएसडीच असू द्या. प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा अथवा एएमडी रायझन २००० मालिकेचा किंवा त्यानंतरचा लागतो.

येथे एक सापळा आहे. कंपन्यांनी काढून टाकलेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात "रिफर्बिश्ड" म्हणून चांगल्या किमतीत मिळतात. त्यांवर विंडोज १० असते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अद्यतने नोंदणी करणाऱ्यांनाच आणि ऑक्टोबर २०२६ पर्यंतच देऊ केलेली आहेत. काही दुकानदार तपासणी चुकवून अशा यंत्रावर विंडोज ११ टाकून देतात. ते चालतेही, पण अपात्र यंत्राला अद्यतने मिळत राहतील अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. असे यंत्र मिंट बसवण्यासाठी मात्र उत्तम, आणि त्याच हेतूने घेतले तर पैसे सत्कारणी लागतात.

दुसरा सापळा "डॉस लॅपटॉप"चा. त्याची किंमत काही हजारांनी कमी दिसते, कारण त्यावर फ्रीडॉस नावाची नाममात्र सिस्टिम असते आणि विंडोजचा परवाना नसतो. लिनक्स वापरणाऱ्याला ही बचत खरी आहे. विंडोज वापरणाऱ्याने परवान्याची किंमत मिळवून मगच तुलना करावी.

तिसरी गोष्ट स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या विंडोज लॅपटॉपची. बॅटरी दीर्घकाळ टिकते आणि नेहमीचे प्रोग्राम चालतात, परंतु उपकरणांचे ड्रायव्हर या प्रोसेसरसाठी वेगळे लिहिलेले असावे लागतात. दुसऱ्या पायरीवरच्या यादीत जुना प्रिंटर किंवा स्वाक्षरीचा टोकन असेल, तर इंटेल किंवा एएमडीचेच यंत्र घ्या.

५. परवाना खरा आहे याची खात्री करून घ्या

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत, सुटे भाग जोडून बनवलेल्या संगणकावर विंडोज आणि ऑफिस "फ्री टाकून" देण्याची प्रथा आहे. हे फुकट मिळालेले विंडोज बहुतेक वेळा बनावट ॲक्टिव्हेशनवर चालते, आणि ते ॲक्टिव्हेशन करणारा प्रोग्राम चालावा म्हणून अँटिव्हायरस आधीच बंद केलेला असतो. ज्या यंत्रावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार, त्याच्या बाबतीत हा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी महागच आहे.

पडताळणी सोपी आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. घरगुती संगणकावर तेथे डिजिटल परवान्याचा उल्लेख असायला हवा. "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे" अशा अर्थाचे वाक्य दिसले, तर दुकानदाराला लगेच जाब विचारा, कारण तुमच्या घरात कोणतीही संस्था नाही. ऑनलाइन बाजारात पाचशे-हजार रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्यांपासूनही दूर राहा. त्यांतील पुष्कळशा कंपन्यांच्या किंवा शैक्षणिक परवान्यांतून फुटलेल्या असतात आणि कधीही रद्द होऊ शकतात.

यंत्रासोबत येणारा परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला किरकोळ परवाना पुढे दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये किल्ली यंत्रातच साठवलेली असल्याने विंडोज पुन्हा बसवताना ती टाइप करावी लागत नाही. ऑफिस सोबत मिळाले असेल, तर तेही मुदतीच्या आत स्वतःच्या खात्यावर सक्रिय करा. दुकानदाराच्या खात्यावर नको.

६. मराठी नीट चालते का ते तपासा

प्रत्येक प्रमुख सिस्टिमवर आज मराठी वाचता आणि लिहिता येते, पण सोय सर्वत्र सारखी नाही. विंडोज ११ मध्ये भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन कळफलक मिळतात आणि विंडोजची कळ व स्पेसबार दाबून भाषा बदलता येते. मंगल हा जुन्या दस्तऐवजांत सर्रास असलेला टंक तेथे आता मुळातून नसतो. देवनागरी पूरक टंकांचा पर्यायी संच उतरवून घ्यावा लागतो.

लिनक्सवर आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम आणि त्यासोबतचा एम१७एन हा मांडण्यांचा संच बसवला, तर इन्स्क्रिप्टबरोबरच रेमिंग्टन आणि गमभन अशा मांडण्याही मिळतात. टायपिंगच्या वर्गात रेमिंग्टनवर हात बसलेल्यांना, किंवा वर्षानुवर्षे गमभनच्या पद्धतीने लिहिणाऱ्यांना, हे विंडोजपेक्षा सोयीचे पडते, हे पाहून मला स्वतःला आश्चर्य वाटले होते.

चाचणीसाठी हे वाक्य टाइप करून पाहा: "सह्याद्रीच्या दऱ्या आणि अरबी दर्या, ऱ्हास, ॲप, बॅट, काळ." दऱ्या आणि दर्या हे दोन शब्द वेगळे दिसलेच पाहिजेत. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह J ची कळ दाबल्यावर ऱ उमटतो, मग D च्या कळीने हलन्त द्यायचा. ॲ हे अक्षर जुन्या टंकांत चौकोनासारखे दिसते, आणि ते अ-वर चंद्र देऊन लिहिले तर दिसायला सारखे असूनही संगणकाला वेगळे वाटते, त्यामुळे फाइलीत शोध घेताना सापडत नाही. घरात सर्वांनी एकच पद्धत ठेवावी.

घरात छपाईचे किंवा दिवाळी अंकाचे जुने काम असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) नसतो. तो टंक नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. अशा फाइली अजून संपादित करायच्या असतील तर ते सॉफ्टवेअर चालणारे विंडोज ठेवा. नुसत्या जपायच्या असतील तर त्यांचे पीडीएफ आणि युनिकोड रूपांतर जुना संगणक चालू आहे तोपर्यंतच करून घ्या.

७. बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा

ही सोय लिनक्सची आहे आणि तिचा लाभ घेतल्याशिवाय लिनक्स बसवू नये. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, अधिकृत संकेतस्थळावरून मिंट किंवा उबुंटूची फाइल उतरवा, संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी (फाइल बिनचूक उतरली का हे दाखवणाऱ्या अंकाशी) ती जुळते का पाहा आणि रूफस किंवा बॅलेना एचर या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर लिहा. पेन ड्राइव्हवरचा सर्व मजकूर यात पुसला जातो.

यंत्र सुरू होताना बूटची (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते निवडण्याची) कळ दाबायची असते: डेल, लेनोवो आणि एसर यांवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप. पडद्यावर सिस्टिम दिसली की काहीही न बसवता वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ आणि प्रिंटर तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हेही पाहा. अडचण आली तर ती बहुधा येथेच येते.

यंत्रावर आधीपासून विंडोज ११ असेल, तर बूटच्या सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी डिस्कच्या कूटबद्धतेची (एन्क्रिप्शनची) ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. नव्या यंत्रांत ही कूटबद्धता न विचारता सुरू झालेली असते. किल्ली हाताशी नसेल तर स्वतःचीच माहिती कायमची बंद होऊ शकते. घरी लॅपटॉप आल्यावर पहिल्या दिवशी करायचे एकच काम निवडायचे झाले, तर मी हेच निवडेन.

८. आता सिस्टिम बसवा

पुढील गोष्टी हाताशी ठेवा:

- यंत्राचा अनुक्रमांक असलेले जीएसटी बिल आणि हमीपत्र
- परवान्याची किल्ली किंवा परवाना जोडलेल्या खात्याचा तपशील
- घरातल्याच माणसाच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले खाते आणि वरील पुनर्प्राप्ती किल्ली
- दोन पेन ड्राइव्ह, एक सिस्टिमसाठी आणि एक ड्रायव्हरांसाठी
- सर्व माहितीची प्रत घेतलेली बाहेरची हार्ड डिस्क
- डेस्कटॉप असल्यास यूपीएस

यूपीएसचा उल्लेख सहज केलेला नाही. बसवणी किंवा मोठे अद्यतन चालू असताना वीज गेली, तर सिस्टिम अर्धवट राहते. लॅपटॉपही चार्जर लावूनच ठेवावा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट चालवत असाल, तर विंडोजमध्ये त्या जोडणीला मीटर्ड (मर्यादित डेटाची) म्हणून खूण करा, नाहीतर दिवसभराचा डेटा अद्यतनांतच संपेल.

दोन सिस्टिम शेजारी ठेवायच्या असतील, तर आधी विंडोज, मग लिनक्स हाच क्रम पाळा. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असताना विंडोजचा विभाग लिनक्सला लिहिण्यासाठी मोकळा मिळत नाही. त्यानंतर विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागले तर घाबरू नका: लिनक्स यंत्रातली वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आणि लिनक्समधली एक सेटिंग बदलून हा फरक मिटतो. तरीही सवय नसलेल्या घरात मी दोन सिस्टिमांचा सल्ला देत नाही. आईवडिलांच्या संगणकावर सुरू होताना कोणताही प्रश्न विचारणारा पडदा येता कामा नये.

जुना संगणक लगेच भंगारात किंवा भाच्याला देऊ नका. नव्या यंत्रावरून एक विवरणपत्र भरून होईपर्यंत, प्रिंटरवर दोन्ही बाजूंची छपाई निघेपर्यंत, स्वाक्षरीचा टोकन एकदा यशस्वी चालेपर्यंत आणि टॅलीचा किंवा ईमेलचा जुना साठा उघडून पाहिला जाईपर्यंत तो कपाटात राहू द्या. त्यानंतर त्यातील खात्यांतून बाहेर पडा, डिस्क पूर्ण पुसा आणि मगच तो दुसऱ्याच्या हाती द्या.